‘पोऱ्याचं काही होईन का?’

बास्केटबॉलच्या खेळाडूला घरचे, गावचे आणि वार्ताहर पहिला प्रश्न एकच विचारतात : किती पॉइंट मारले? माझं काम या प्रश्नाच्या उत्तरानंतर सुरू होतं. मी राहतो असोद्याला आणि नोकरी करतो जळगावच्या एका शाळेत, क्रीडाशिक्षकाची. त्याच्या जोडीनं गेली काही वर्षं तरुण खेळाडूंचे सामने बघून मी त्यांच्यावर अहवाल लिहितो. कधी एखाद्या प्रशिक्षकाला निवडीआधी आणखी एका माणसाचं मत हवं असतं, कधी खेळाडू स्वतः विचारतो, कधी त्याचे आईवडील. अहवाल दोन-तीन पानांचाच असतो. पण विशीतल्या मुलाची पुढची काही वर्षं त्या पानांवर ठरू शकतात. त्यामुळे लिहायला बसलो की मी घाई करत नाही.

आमच्या भागातला मुलगा बास्केटबॉलकडे वळतो तो बहुतेक वेळा उंचीमुळे. प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात मागे उभा राहणारा आठवीतला मुलगा सरांच्या नजरेत भरतो आणि सर त्याला मैदानावर बोलावतात. तालुका, जिल्हा, नाशिक विभाग, राज्य अशी शालेय स्पर्धांची चढण सुरू होते. महाविद्यालयात गेल्यावर कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा संघ, पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ महोत्सव. सराव सिमेंटच्या कोर्टवर, आणि तोही सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की दुपारी त्या सिमेंटवर हात टेकवत नाही. या साऱ्यातून तावूनसुलाखून निघालेली पोरं काटक असतात, दमाला पक्की असतात. पण याच प्रवासात त्यांच्या खेळात एक मोठी उणीव राहून जाते आणि ती पुढे व्यावसायिक पातळीवर उघडी पडते.

उणीव अशी : जिल्ह्याच्या पातळीवर सहा फूट एक इंचाचा मुलगा संघातला सर्वांत उंच असतो. म्हणून त्याला रिंगखाली उभं केलं जातं. बॉल वर फेका, तो झेलील, तिथल्या तिथे टाकील. सामने जिंकायला हे पुरतं. पाच-सहा वर्षं तो पाठ रिंगकडे करून खेळतो. पुढे राष्ट्रीय पातळीवर किंवा एखाद्या लीगमध्ये गेला की समोर सहा फूट आठ-नऊ इंचांचे खेळाडू उभे असतात. रिंगखालची त्याची जागा गेलेली असते. आता त्याला गार्ड म्हणून खेळायचं असतं. बॉल घेऊन कोर्ट चढायचं, दाबाखाली ड्रिबल सांभाळायचं, दुरून नेम धरायचा. नेमकं हेच त्याला कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून तरुण खेळाडू बघायला बसलो की मी आधी हेच विचारतो, पुढच्या पायरीवर हा कुठल्या जागी खेळेल? आज तो जिथे खेळतोय तिथलं त्याचं यश बघून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

असाच एक मुलगा जिल्ह्यातल्याच एका गावचा. घरी केळीची शेती. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्याची कारकीर्द अजून घडते आहे आणि माझ्या शब्दांचं ओझं त्याच्यावर नको. एका व्यावसायिक लीगमधल्या संघानं त्याला घेतलं. भारतात अशा लीगचा इतिहास फार मोठा नाही. 2015 साली यूबीए सुरू झाली आणि 2017 नंतर थांबली. पुढे आयएनबीएल आली, तिच्यात मुंबई टायटन्ससारखे शहरांचे संघ उतरले. 2025 च्या सुरुवातीला मुख्यतः पंचविशीच्या आतल्या भारतीय खेळाडूंसाठी तिचीच ‘प्रो यू-25’ स्पर्धा झाली. अशा संघांत परदेशी खेळाडूही असतात आणि सामना अटीतटीला आला की बॉल त्यांच्या हातात जातो. आमच्या मुलाला पहिल्या हंगामात सामन्यामागे दहा-बारा मिनिटं मिळत होती. गावात चर्चा सुरू झाली, ‘पेपरात नाव येत नाही, म्हणजे काही खरं नाही.’ त्याच्या वडिलांनी मला निरोप पाठवला. सामन्यांची चित्रफीत मिळाली आणि मी वही घेऊन बसलो.

अधिकृत स्कोअरशीटवर पॉइंट, फाउल, टाइमआउट यांची नोंद असते. मोठ्या स्पर्धांत रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर धरलेला बॉल), असिस्ट (बॉल घालणाऱ्याला दिलेला पास), टर्नओव्हर (हातचा गेलेला बॉल) यांची आकडेवारीही वेगळी ठेवली जाते. माझ्या वहीत याखेरीज एक रकाना असतो, निर्णयाचा. बॉल हातात आल्यावर खेळाडूनं काय ठरवलं, ते बरोबर होतं की चूक, एवढंच त्यात लिहायचं. बॉल रिंगमध्ये गेला की नाही याचा त्या रकान्याशी संबंध नाही.

त्याच्या सुरुवातीच्या एका सामन्यातली गोष्ट सांगतो. उजव्या बाजूला तीन पॉइंटच्या रेषेबाहेर त्याच्याकडे बॉल आहे. संघातला उंच खेळाडू येऊन त्याच्या रक्षकाला स्क्रीन लावतो, म्हणजे रक्षकाच्या वाटेत आडवा उभा राहतो. रक्षक स्क्रीनच्या मागून, म्हणजे रिंगच्या बाजूनं फिरून येतो. त्या क्षणी या मुलासमोर कुणीही नाही. पायांपुढे रेषा, हातात बॉल, आणि नेम धरायला पुरेसा वेळ. पण त्यानं रिंगकडे पाहिलंच नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीनं तो बॉल आपटत गर्दीत, रिंगखाली शिरला. तिथे दोघं वाट बघत होते. अडकल्यावर त्यानं पास दिला तो उशिरा, आणि बॉल गेला. मी निर्णयाच्या रकान्यात फुली मारली.

हंगामाच्या उत्तरार्धातल्या एका सामन्यात हाच प्रसंग जसाच्या तसा आला. तीच बाजू, तीच स्क्रीन, रक्षक पुन्हा मागून फिरला. या वेळी मुलगा स्क्रीनच्या खांद्याला खांदा लावून थांबला, पाय रिंगच्या दिशेनं वळवले आणि उडी घेऊन बॉल सोडला. बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून बाहेर आला. स्कोअरशीटवर यातलं काहीच उतरलं नाही. प्रेक्षकांना तो एक चुकलेला शॉट वाटला. माझ्या वहीत मात्र बरोबरची खूण झाली, आणि मला त्या हंगामातली ती सर्वांत मोलाची नोंद वाटते. समोरचा रक्षक काय करतोय हे त्यानं वाचलं होतं. हात नंतर तयार होतो, सरावानं नेम सुधारतो. खेळ वाचायची नजर वेळेवर उघडली नाही तर पुढे ती उघडणं फार अवघड असतं.

आकड्यांशी माझं वैर नाही. उलट आकडे नीट वाचले तर ते मुलाची बाजू मांडतात. समजा, एका खेळाडूनं सतरा शॉट घेतले, सात घातले, त्यातले दोन तीन पॉइंटचे. झाले सोळा पॉइंट. दुसऱ्यानं आठच शॉट घेतले, पाच घातले, त्यातलेही दोन तीन पॉइंटचे. त्याचे बारा पॉइंट. बातमीत पहिल्याचं नाव येईल. पण तीन पॉइंटचा शॉट दोनच्या दीडपट मोलाचा असतो, हे धरून हिशेब केला तर पहिल्याचा परिणामकारक नेम सतराला आठ, म्हणजे सत्तेचाळीस टक्क्यांच्या आसपास येतो आणि दुसऱ्याचा आठाला सहा, म्हणजे पंचाहत्तर टक्के. पहिल्यानं संघाच्या जास्तीच्या नऊ संधी वापरल्या आणि त्यातून चारच पॉइंट जास्त दिले. हे पालकांना एकदा कागदावर मांडून दाखवलं की त्यांचा सामना बघण्याचा डोळाच बदलतो.

उलट बाजूनं आकडा फसवतोही. बारा मिनिटांत सहा पॉइंट करणारा मुलगा चाळीस मिनिटं खेळला तर वीस करील, असा त्रैराशिकाचा हिशेब बरेच जण मांडतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सामना दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा, एकूण चाळीस मिनिटांचा असतो, म्हणून हे गणित सोपं वाटतं. पण ती बारा मिनिटं समोरच्या संघाच्या राखीव खेळाडूंपुढची असतात, पाय ताजे असताना खेळलेली असतात, आणि त्याच्यासाठी प्रतिस्पर्ध्यानं वेगळी योजना आखलेली नसते. मिनिटं वाढली की हे सगळं बदलतं. म्हणून मी अहवालात असा वाढवलेला आकडा कधीच लिहीत नाही. लिहितो ते असं : पहिल्या महिन्यात किती टर्नओव्हर, शेवटच्या महिन्यात किती, फाउल कमी झाले का, प्रशिक्षक त्याला चौथ्या क्वार्टरमध्ये ठेवू लागला का. प्रशिक्षकाचा विश्वास मोजायचं सर्वांत खरं माप चौथ्या क्वार्टरमधली मिनिटं हेच आहे.

फ्री थ्रोकडे मी विशेष बारकाईनं बघतो. रेषा रिंगच्या फळीपासून 4.6 मीटरवर, रिंग 3.05 मीटर उंचीवर, समोर कुणी नाही, हातात पाच सेकंद. इथे खेळाडूचा हात उघडा दिसतो. कोपर बाहेर जातंय का, बॉल तळव्यावर बसलाय की बोटांवर, गुडघ्यातली ताकद हातापर्यंत पोचतेय का. शॉट घेणाऱ्याचा हात मुळात चांगला असेल तर तो फ्री थ्रोमध्ये आधी दिसतो आणि तीन पॉइंटच्या रेषेवर मागाहून येतो. आमच्या मुलाचे तीन पॉइंटचे आकडे लीगमध्ये वाईट होते, पण फ्री थ्रो हंगामभर सुधारत गेले होते. सिमेंटच्या कोर्टवर रबरी बॉलनं शिकलेला हात लाकडी कोर्टवर, बंद सभागृहातल्या प्रकाशात रुळायला वेळ घेतो. तो वेळ त्याला द्यायला हवा, असं मी लिहिलं.

आणि डिफेन्स. इथे आमच्या खान्देशी पोरांचा काटकपणा कामी येतो. हा मुलगा आपला खेळाडू सोडून मदतीला धावत होता, परत वेळेवर फिरत होता, बॉल हवेत असतानाच प्रतिस्पर्ध्याला पाठीनं अडवून रिबाउंडची जागा धरत होता. कमी होती ती बोलण्याची. डिफेन्समध्ये मागच्यानं पुढच्याला सतत सांगावं लागतं, स्क्रीन येतेय, डावीकडून, मी आहे, तू जा. गावाकडून गेलेला मुलगा मोठ्या शहरातल्या संघात, परभाषी सोबत्यांमध्ये गप्प राहतो. प्रशिक्षकाला वाटतं, याला खेळ कळत नाही. प्रत्यक्षात त्याला कळलेलं असतं, बोलायची भीड असते. ही गोष्ट मी अहवालात मुद्दाम वेगळ्या परिच्छेदात लिहिली, कारण ती दुरुस्त होण्यासारखी आहे आणि ती दुरुस्त केली तर मिनिटं वाढतात.

विशीच्या आतबाहेरच्या खेळाडूबद्दल ठाम बोलण्याचा अधिकार जगात कुणालाच नाही, हे मी या खेळाच्या सर्वांत मोठ्या बाजारातून, अमेरिकेतल्या एनबीएतून शिकलो. यानिस अँटेटोकुम्पो 2013 च्या एनबीए निवडीत पंधरावा होता. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून आला होता. पहिल्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे सात पॉइंटही नव्हती. 2019 आणि 2020 मध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2021 च्या अंतिम मालिकेतल्या निर्णायक सामन्यात त्यानं पन्नास पॉइंट केले, आणि ज्या फ्री थ्रोवरून त्याला वर्षानुवर्षं बोलणी खावी लागली त्या रेषेवरून त्या दिवशी एकोणीसपैकी सतरा घातले. पुढे त्याच्यासारखाच सर्वोत्तम खेळाडू ठरलेला निकोला योकिच 2014 मध्ये एकेचाळिसावा निवडला गेला. त्याच्या आधीच्या चाळीस निवडी करणाऱ्यांकडे पैसा, माणसं, चित्रफिती सगळं होतं.

दुसऱ्या बाजूला आपल्या सतनामसिंगची गोष्ट आहे. पंजाबातल्या बल्लोके गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, सात फूट दोन इंच उंच. 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला बावन्नाव्या क्रमांकावर घेतलं आणि एनबीए निवडीत आलेला तो पहिला भारतीय ठरला. देशभर आनंद झाला. पण एनबीएच्या मुख्य हंगामात खेळायची संधी त्याला मिळाली नाही. 2020 मध्ये उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी आली, आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. निवड होणं आणि कारकीर्द घडणं यांत केवढं अंतर आहे, हे त्याच्या वाटचालीतून दिसतं. त्याच्यावरच्या बंदीची आठवण ठेवून माझ्या प्रत्येक अहवालात एक ओळ ठरलेली असते : कुठलंही पूरक आहाराचं पाकीट डॉक्टरला आणि प्रशिक्षकाला दाखवल्याशिवाय फोडू नये.

आपल्याकडे कारकिर्दीचा विचार लीगच्या पलीकडे करावाच लागतो. भारतात बास्केटबॉलवर घर चालवणारे खेळाडू बहुतेक नोकरीच्या आधारानं खेळतात. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, आयकर अशा संघांनी या खेळाला वर्षानुवर्षं पोसलं आहे. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, ऑस्ट्रेलियातल्या एनबीएल1 स्पर्धेत रिंगवुड हॉक्सकडून खेळली, आणि देशात ती रेल्वेची खेळाडू म्हणून ओळखली गेली. वाराणसीचा विशेष भृगुवंशी 2017 मध्ये अॅडलेड थर्टीसिक्सर्सशी करारबद्ध झाला, तोही ओएनजीसीचाच. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठरावीक स्पर्धांतलं यश आणि तपासून घेतलेली प्रमाणपत्रं लागतात. म्हणून लीगचा करार हातात असलेल्या मुलालाही मी सांगतो, राज्य आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा चुकवू नकोस, पदवी पुरी कर, प्रमाणपत्रांची फाइल नीट ठेव. लीग एखाद्या वर्षी होते, एखाद्या वर्षी होत नाही. मुलाचं वय मात्र थांबत नाही.

अहवाल लिहून झाल्यावर मी त्याच्या वडिलांना भेटायला शेतात गेलो. हिवाळ्याचे दिवस होते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची चालली होती, भरिताचा बेत होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग ते मुद्द्यावर आले.

“सर, खरं खरं सांगजा. पोऱ्याचं काही होईन का?”

मी त्यांना वही दाखवली. पहिल्या महिन्यातल्या फुल्या, शेवटच्या महिन्यातल्या बरोबरच्या खुणा. कुठे सुधारणा आहे, कुठे नाही, हे बोटानं दाखवलं. म्हणालो, “भाऊ, गार्ड म्हणून तो उशिरा शिकायला लागला, पण शिकण्याचा वेग चांगला आहे. उंचीच्या जोरावर आता भागणार नाही. हातावर काम व्हायला हवं आणि त्याला अजून दोन हंगाम द्यायला हवेत. देशाच्या संघात जाईल असं मी आज सांगणार नाही. पण व्यावसायिक संघात टिकेल आणि खेळाच्या बळावर नोकरी मिळवील, एवढं त्याच्या खेळात नक्की दिसतं.”

ते बराच वेळ वही उलटत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे केळीसारखंच. खोड भरलेलं दिसलं तं आनंद वाटतो, पण निसवल्याबिगर घडाचं काय सांगता येईन? तवरोक पाणी तं द्याच लागतं.”

मला जे दोन पानांत लिहायला लागलं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी मुलाला परत बोलावण्याचा विचार सोडून दिला. मुलगा पुढच्या हंगामाची तयारी करतो आहे. बॉल उजव्या हाताइतकाच डाव्या हातानं हाताळायचा सराव त्यानं घेतला आहे आणि संघात आता त्याचा आवाज ऐकू येतो, असं त्याच्या प्रशिक्षकानं मला कळवलं.

या मुलाचं नशीब एवढं की त्याचे सामने कॅमेऱ्यात होते. आमच्या जिल्ह्यात दर वर्षी असे कितीतरी मुलगे-मुली खेळतात, ज्यांच्या खेळाची कुठलीही नोंद राहत नाही. सामना होतो, निकाल लागतो, स्कोअरशीटही काही दिवसांनी सापडत नाही. चार वर्षांनी निवडसमितीसमोर तो मुलगा उभा राहतो तेव्हा त्याच्याकडे दाखवायला उंची आणि एखादं प्रमाणपत्र एवढंच असतं. नोंद राहिली की काय होतं, हे माझ्या गावाला ठाऊक आहे. असोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर. 1880 साली इथे जन्मलेल्या त्या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यांच्या तोंडची गाणी कागदावर उतरवून ठेवली, म्हणून 1952 मध्ये, त्यांच्या निधनानंतर का होईना, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं आणि महाराष्ट्राला त्या कळल्या. पारख करणारा अत्र्यांसारखा माणूस नंतर येतो. त्याच्याआधी कुणीतरी जवळ बसून लिहून ठेवलेलं असावं लागतं.

म्हणून आता माझ्या शाळेच्या प्रत्येक सामन्याला मैदानाच्या कडेला दोन विद्यार्थी वही घेऊन बसतात. एक शॉट कुठून घेतला ते मांडतो, दुसरा रिबाउंड, पास आणि गेलेले बॉल. दोघांनाही खेळायला जागा मिळालेली नसते, पण सामना त्यांच्याइतका नीट दुसरं कुणी बघत नाही. वह्या वर्षअखेरीस खेळाडूंच्या हातात दिल्या जातात. जिल्ह्यातल्या इतर क्रीडाशिक्षकांनाही मी हेच सांगत असतो : याला पैसा लागत नाही, संगणक लागत नाही, रेघा मारलेली वही पुरते. उंच मुलाला रिंगखाली उभं करण्याआधी त्याला बॉल घेऊन कोर्ट चढू द्या, आणि तो चढताना काय करतो ते लिहून ठेवा. उद्या त्याचा बाप विचारील, पोऱ्याचं काही होईन का, तेव्हा आपल्याजवळ अंदाजाऐवजी त्याच्या चार वर्षांच्या मेहनतीचा लेखी पुरावा असेल. त्या मुलाचा तो हक्क आहे.